देव अविकारी आहे, तर पावसासाठी प्रार्थना कशाला?

पूर्णाकाठ (जालना जिल्हा)

सर्वांना नमस्कार. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारच्या उपासनेनंतर तरुण मुलामुलींचा शास्त्राभ्यास भरतो आणि सध्या तो वर्ग घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. पाळकसाहेबांच्या सूचनेवरून मी ‘देवाचे गुणधर्म’ हा विषय घेतला. आमच्या भागातल्या जुन्या मंडळ्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनकार्यातून उभ्या राहिल्या. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेले बेथेल हे त्यांतले सर्वांच्या परिचयाचे नाव. त्या परंपरेमुळे 1647 सालच्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरी या श्रद्धा शिकवणाऱ्या पुस्तिकेतले चौथे उत्तर माझ्या आजीला मुखोद्गत होते. देव आत्मा आहे आणि आपले अस्तित्व, ज्ञान, सामर्थ्य, पवित्रता, न्याय, चांगुलपणा व सत्य या सर्वांत तो अमर्याद, सनातन आणि अविकारी, म्हणजे कधीही न बदलणारा आहे, असे त्या उत्तराचे सार आहे. तेच मी फळ्यावर लिहून वर्गाला सुरुवात केली.

अडचण अविकारीपणापाशी आली. यंदा जून कोरडा गेला. पहिल्या सरीच्या भरवशावर ज्यांनी कपाशी आणि सोयाबीन पेरले त्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली आहे आणि त्याच दिवशी सकाळी उपासनेत पावसासाठी विशेष प्रार्थना झाली होती. अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने उभे राहून विचारले, की देव बदलत नाही आणि त्याला सर्व काही आधीपासूनच ठाऊक आहे, तर आपल्या प्रार्थनेमुळे नेमके काय बदलते? देवाचे मन बदलत असेल तर तो अविकारी राहिला नाही आणि बदलत नसेल तर आपण सकाळी गुडघे का टेकले? दुसऱ्या एका मुलीने लगेच उत्पत्तीचा सहावा अध्याय काढून दाखवला. मनुष्याला निर्माण केल्याबद्दल देवाला अनुताप, म्हणजे पस्तावा, झाला, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. योनाच्या पुस्तकातही निनवे नगरावर आणणार असलेल्या अरिष्टाविषयी देवाला अनुताप झाला, असे आहे.

माझ्या मनात याला जोडून आणखी एक प्रश्न आहे. जुने ईश्वरविज्ञान असेही सांगते, की देव दुःखाच्या आघाताने व्याकूळ होत नाही. ज्याला दुःख स्पर्श करू शकत नाही, तो प्रीती करतो या म्हणण्याला अर्थ कोणता? मी तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे, त्यामुळे हा पेच तर्काच्या भाषेत मांडता येतो. परंतु ज्या मुलाच्या वडिलांनी बियाण्यासाठी उसनवारी केली आहे, त्याला चतुर उत्तर देऊन गप्प करणे मला योग्य वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षक, जालना

ताई, मुलाचा प्रश्न उत्तम आहे आणि तो पावसावरून निघाला हे आणखी उत्तम, कारण पवित्र शास्त्राने हा प्रश्न पावसाच्याच संदर्भात हाताळला आहे. पुढच्या वर्गात मुलांना याकोबाचे पत्र उघडायला सांगावे. पहिल्या अध्यायाच्या 17 व्या वचनात याकोब म्हणतो, की प्रत्येक उत्तम देणगी ज्योतिमंडळाच्या पित्यापासून उतरते आणि त्याच्या ठायी विकार नाही, फिरण्याने पडणारी छायासुद्धा नाही. देवाच्या अविकारीपणाविषयी याहून ठाम विधान सबंध शास्त्रात क्वचितच सापडेल. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात, 17 आणि 18 या वचनांत, हाच लेखक सांगतो, की एलीया संदेष्टा आपल्यासारखाच माणूस होता. त्याने प्रार्थना केली तेव्हा साडेतीन वर्षे पाऊस पडला नाही आणि त्याने पुन्हा प्रार्थना केली तेव्हा आकाशाने पाऊस दिला. पत्र अवघ्या पाच अध्यायांचे आहे. पहिल्या अध्यायात लिहिलेले पाचव्यात विसरले जाईल एवढे ते मोठे नाही. याकोबाला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. किंबहुना पहिलीच्या बळावरच तो दुसरी सांगतो.

आता मूळ प्रसंग पाहावा. 1 राजे 18 च्या पहिल्याच वचनात परमेश्वर एलीयाला सांगतो, की जाऊन अहाब राजाला भेट, मी भूमीवर पाऊस पाठवणार आहे. वचन देऊन झाले आहे, म्हणजे देवाचा निर्णय ठरलेला आहे. तरीही अध्यायाच्या शेवटी एलीया कर्मेल डोंगराच्या माथ्यावर चढतो, जमिनीवर ओणवा होतो, डोके गुडघ्यांत घालतो आणि सेवकाला समुद्राकडे पाहायला पाठवतो. सेवक सहा वेळा रिकामा परत येतो. सातव्या वेळी तो सांगतो, की माणसाच्या तळहाताएवढा एक ढग समुद्रातून वर येत आहे. जो पाऊस देवाने आधीच देऊ केला होता, त्याच पावसासाठी एलीयाने एवढा वेळ धरणे धरले. पाऊस नाकारणाऱ्या देवाचे मन वळवण्यासाठी ही प्रार्थना नव्हती. वचन देणारा फिरणार नाही, या खात्रीतूनच ती निघाली. आपल्या मराठवाड्यात जुलैमध्ये पश्चिमेकडे डोळे लावून बसणाऱ्यांना हा अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

त्या मुलीने दाखवलेल्या वचनांसाठी 1 शमुवेल 15 वाचावे. 11 व्या वचनात शौलाला राजा केल्याबद्दल मला अनुताप होतो, असे परमेश्वर म्हणतो आणि 35 व्या वचनात तेच पुन्हा येते. मधल्या 29 व्या वचनात मात्र शमुवेल संदेष्टा सांगतो, की इस्राएलाचा बलस्वरूप देव अनुताप पावायला मनुष्य नाही. एकाच अध्यायात, एकाच माणसाविषयी, दोन्ही विधाने आहेत. लेखकाने हे जाणूनबुजून केले आहे असे मानल्याशिवाय त्या अध्यायाचा अर्थ लागत नाही. शौल बदलला, म्हणून शौलाशी असलेला देवाचा व्यवहार बदलला. अवज्ञेविषयी देवाचा जो कल पहिल्या दिवशी होता तोच शेवटच्या दिवशी होता. ते ऐकणाऱ्याला कळावे म्हणून माणसाच्या अनुतापाची भाषा वापरली आहे. देव आपल्या कुवतीला उतरून आपल्याशी बोलतो, हे धर्मसुधारक कॅल्व्हिनने आग्रहाने मांडले आणि त्याच्या आधीच्या मंडळीच्या पित्यांनाही, म्हणजे आरंभीच्या शतकांतल्या शिक्षकांनाही, ते मान्य होते.

योनाचे पुस्तक तर याहून स्पष्ट आहे. निनवे नगर नाशातून वाचल्यावर योना संदेष्टा चिडतो आणि चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात चिडण्याचे कारण सांगतो: तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध आणि दयासंपन्न देव आहेस, हे मला आधीपासून ठाऊक होते, म्हणूनच मी तार्शीशला पळून जात होतो. हे शब्द निर्गम 34 मधले आहेत. सोन्याच्या वासराच्या प्रकरणानंतर परमेश्वराने मोशेपुढून जाताना स्वतःची जी ओळख करून दिली, तीच योना तक्रारीच्या सुरात म्हणून दाखवतो. निनवेविषयी देव बदलला असे ज्या प्रसंगावरून वाटते, त्या प्रसंगात योनाला देव अजिबात बदलला नाही याचाच राग आला होता. पश्चात्ताप करणाऱ्यावर दया करणे हा त्याचा स्वभाव मोशेच्या काळी होता आणि निनवेच्या काळीही होता.

शेवटी एक गोष्ट फळ्याविषयी. गुणधर्मांची यादी लिहिली, की मुलांना वाटते दया हा देवाचा एक भाग, न्याय दुसरा, सामर्थ्य तिसरा आणि हे भाग एकमेकांशी ओढाताण करतात. मंडळीची शिकवण तशी कधीच नव्हती. देवाजवळ जे आहे तेच तो आहे, असे मंडळीचा प्राचीन शिक्षक ऑगस्टीन याने लिहिले. माणूस शहाणा असतो आणि पुढे त्याचे शहाणपण जाऊही शकते. देवाच्या बाबतीत शहाणपण आणि देव यांना वेगळे काढता येत नाही. म्हणून अविकारीपणा हा दयेला शेजारून बांध घालणारा वेगळा गुण समजू नये. त्याची दया अविकारी आहे. मलाखी 3:6 मध्ये हेच आहे: मी परमेश्वर बदलत नाही, म्हणून याकोबाच्या वंशजांनो, तुम्ही नष्ट झाला नाही. शास्त्र स्वतः या गुणावरून जो निष्कर्ष काढते तो धीराचा आहे आणि वर्गात तोच आधी सांगितला पाहिजे, असे माझे मत आहे.

एक सिस्टर, छत्रपती संभाजीनगर

गुरुजींनी शास्त्रातला आधार इतका नेटका दिला आहे, की त्यात मी भर घालणार नाही. कॅथलिक परंपरेत प्रार्थनेच्या या प्रश्नावर जे उत्तर दिले जाते तेवढे सांगते.

तेराव्या शतकात ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस यांनी हाच पेच मांडून म्हटले, की आपण देवाची योजना बदलण्यासाठी प्रार्थना करत नाही. जे आपल्या प्रार्थनेद्वारेच घडावे असे देवाने योजले आहे, ते मिळावे म्हणून करतो. मुलांना हे एकदम पटणार नाही, कारण पहिल्या ऐकण्यात ते शब्दांचा खेळ वाटते. त्यांना विचारावे, की देवाने पीक द्यायचे ठरवले असेल तर पेरणी कशाला करायची? या प्रश्नावर शेतकऱ्याची मुले हसतील. पीक देवाच्या योजनेत असेल तर पेरणीही त्याच योजनेत आहे, हे त्यांना सांगावे लागत नाही. अक्वायनस म्हणतात, की प्रार्थनाही तशीच खऱ्या कारणांपैकी एक आहे. ती गळाली तर घटनांच्या साखळीतला एक खरा दुवा गळतो.

मुलाचा पेच ‘आधीपासून’ या कल्पनेवरही उभा आहे. देवाला काल ठाऊक होते, आपण आज प्रार्थना केली, पाऊस उद्या पडेल, अशा क्रमात आपण देवाला बसवतो. सहाव्या शतकाच्या आरंभी, मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात असताना, बोएथियस या तत्त्वज्ञाने सनातनतेची जी व्याख्या केली ती मंडळीने पुढे स्वीकारली: अमर्याद जीवनाची एकाच वेळी, संपूर्ण आणि परिपूर्ण प्राप्ती म्हणजे सनातनता. देवाचे कालचे, आजचे आणि उद्याचे असे आयुष्याचे तुकडे नसतात. त्या शेतातल्या मुलाची प्रार्थना त्याच्यापुढे उशिरा आलेली नाही. अनादिकाळापासून ती त्याच्यापुढे आहे आणि त्याने जे ठरवले ते ती ऐकूनच ठरवले आहे.

बदल कोणात होतो हे सांगायला मी आमच्याकडच्या रस्त्याचा आधार घेते. शहरातून वेरूळकडे निघाले, की देवगिरीचा किल्ला आधी समोर असतो, मग बाजूला येतो आणि मग पाठीमागे राहतो. समोरचा किल्ला मागे गेला हे विधान खरे आहे, परंतु किल्ला हललेला नाही. पाप करणाऱ्याला देवाची पवित्रता क्रोधासारखी भेटते आणि वळून येणाऱ्याला तीच पवित्रता कृपेसारखी भेटते. अक्वायनस यांनी खांब आणि त्याच्या भोवती फिरणारा प्राणी यांचे जवळपास असेच उदाहरण दिले आहे.

नरसीचा वारकरी (हिंगोली जिल्हा)

मी ख्रिस्ती नाही, पण देवाच्या स्वरूपाविषयीची चर्चा कुठेही असली तरी मनापासून वाचतो. आमच्या परंपरेत या प्रश्नाचे एक प्रसिद्ध रूप आहे. नामदेव महाराज विठ्ठलाशी बोलत, रुसत, भांडत. आणि तरीही त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जावे लागले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकल्यावर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिथे नेतील तिथे पिंड उमटू लागली, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सगुणावर एवढे प्रेम करणाऱ्या भक्ताला सर्वव्यापी देव असा समजला.

माझा प्रश्न असा, की ख्रिस्ती श्रद्धेतला देव आमच्या भाषेत सगुण म्हणावा की निर्गुण? वरच्या दोन उत्तरांत तो कधी ज्याच्याशी बोलता येते असा दिसतो, तर कधी काळ, भाग, बदल यांपलीकडचा, म्हणजे निर्गुणाच्या जवळचा वाटतो. आणि तो सर्वव्यापी असेल तर पिंडीतही आहे, असे तुमच्या श्रद्धेला मान्य आहे काय?

निवृत्त शिक्षक, जालना

महाराज, आपण प्रश्न ज्या आदराने विचारला त्याच आदराने, पण स्पष्टपणे उत्तर देतो. देव सर्वत्र आहे आणि कुठेही अंशाने नाही, पूर्णत्वाने आहे, हे ख्रिस्ती श्रद्धेला मान्य आहे. शलमोनाने यरुशलेमचे मंदिर बांधून पूर्ण केले आणि अर्पणाच्या प्रार्थनेतच तो म्हणाला, की स्वर्ग आणि स्वर्गांचा स्वर्गही तुला पुरत नाहीत, मग मी बांधलेले हे घर ते काय! स्तोत्र 139 मध्ये तर भक्त देवापासून पळायला जागा शोधतो आणि आकाशात, अधोलोकात, समुद्रापलीकडे कुठेही ती मिळत नाही.

फरक पुढे येतो. देव प्रत्येक ठिकाणी आहे, परंतु कोणतेही ठिकाण किंवा कोणतीही निर्मित वस्तू देव नाही. निर्माणकर्ता आणि निर्मिती यांमधली ही रेघ ख्रिस्ती विचारात पुसली जात नाही. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन या मंडळीच्या परिषदेने असे ठरवले, की निर्माणकर्ता आणि निर्मिती यांत कितीही साम्य दाखवले, तरी त्याहून मोठा भेद तिथे शिल्लक असतो. तेव्हा त्याच्याविषयी आपण जे बोलतो ते खरे असते, पण पुरे कधीच नसते. त्या अर्थाने आपल्याला निर्गुणाच्या जवळचे वाटते ते गैर नाही.

तरीही ख्रिस्ती माणूस अखेर त्याला निर्गुण म्हणणार नाही. प्रीती, पवित्रता, विश्वासूपणा ही साधकाच्या सोयीसाठी घेतलेली आणि पुढे सोडून द्यायची रूपे आहेत, असे आम्ही मानत नाही. जगाच्या निर्मितीआधीही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रीती होतीच. म्हणूनच योहानाला ‘देव प्रीती आहे’ असे लिहिता आले. ज्याच्यावर प्रीती करावी असे कोणी नसते, तर देव प्रीती आहे हे वाक्य निर्मितीनंतरच खरे ठरले असते. सर्व गुणधर्मांच्या चर्चेत त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव याचा, विचार शेवटी जोडण्याची आमची सवय आहे. माझ्या मते तो सुरुवातीलाच यायला हवा.

औसा तालुका (लातूर जिल्हा)

मी शेती करतो आणि आमच्या लहानशा मंडळीत वडील (एल्डर) म्हणून सेवा करतो. सिस्टर आणि गुरुजी दोघांच्याही विद्वत्तेविषयी मला पूर्ण आदर आहे, पण किल्लारीच्या परिसरात वाढलेला माणूस म्हणून मला काही सांगितले पाहिजे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 4 च्या सुमारास जमीन हलली तेव्हा मी शाळेत जाणारा मुलगा होतो. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. लातूर आणि त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 10 हजार माणसे गेली. आमच्याकडची जुनी घरे म्हणजे चिखलात रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी पटईवर पांढऱ्या मातीचा हात-दीड हाताचा थर. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दरवर्षी त्यावर आणखी माती पडायची. ती माती आणि ते दगड झोपलेल्या माणसांवर आले. माझी मावशी तशीच गेली. तिच्या हातात पाळण्याची दोरी होती.

त्यानंतरच्या दिवसांत बाहेरून आलेल्या काही उपदेशकांनी आम्हाला सांगितले, की हा देवाचा कोप आहे आणि देवाच्या न्यायात बदल होत नाही. अविकारी हा शब्द मी तेव्हा असा पहिल्यांदा ऐकला. लूक 13 मध्ये येशूने नेमके याच्या उलट सांगितले आहे, हे पुष्कळ वर्षांनी मला आमच्या पाळकांनी दाखवले. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसे दगावली होती. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून येशू स्वतःच ‘नाही’ म्हणतो. पश्चात्तापाची हाक तो जिवंत राहिलेल्यांना देतो. मेलेल्यांवर आरोप ठेवत नाही.

म्हणून ताई, वर्गातल्या मुलांना देवाचे अविकारीपण शिकवताना त्याचे रूपांतर ‘जे झाले ते ठरलेलेच होते, आता रडू नका’ यात होऊ देऊ नका. शास्त्र रडायला मनाई करत नाही. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, त्यात शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. हबक्कूक तर देवाच्या पवित्रतेचाच आधार घेऊन देवाशी वाद घालतो: तुझे डोळे इतके निर्मळ आहेत, की तुला दुष्टाई पाहवत नाही, मग हे सर्व तू पाहत कसा राहतोस? देवाचे गुणधर्म माहीत असलेल्या माणसालाच अशी तक्रार करता येते. त्याच पुस्तकाच्या शेवटी तो म्हणतो, की अंजिराला फुलोरा आला नाही, शेतांनी अन्न दिले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते आणि आमची जनावरे विकून झाली होती, तेव्हा आमच्या उपासनेत हा अध्याय वाचला गेला. वाचणाऱ्याला मध्ये दोनदा थांबावे लागले.

सिस्टरांना एक नम्र प्रश्न. देवगिरीचा किल्ला हलत नाही हे खरे, पण किल्ला ऐकतही नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत ज्याला काही वाटले नाही, असा देव मला नको आहे.

एक सिस्टर, छत्रपती संभाजीनगर

दादा, आपण लिहिलेले मी आमच्या घरातल्या इतर सिस्टरांना वाचून दाखवले. किल्ल्याचा दाखला बदल कोणात होतो एवढे सांगण्यापुरता आहे. देवाच्या प्रीतीविषयी तो काहीच सांगत नाही आणि त्याला तिथे ओढू नये, हे आपले म्हणणे योग्य आहे.

आता मूळ प्रश्न, जो ताईंनीही सुरुवातीला विचारला होता. देव दुःखाने व्याकूळ होत नाही, असे जुन्या पित्यांनी म्हटले तेव्हा त्यांच्यासमोर ग्रीक आणि रोमी कथांतले देव होते, जे मत्सराने पेटतात, वासनेने भरकटतात आणि ज्यांना बाहेरची परिस्थिती कुठेही ढकलू शकते. आपला देव तसा नाही, त्याची प्रीती कोणाच्या दबावाने जागी होत नाही आणि कोणाच्या अपराधाने विझत नाही, हे त्यांना सांगायचे होते. आपली माया दुःखाने थकते. दहावा अर्ज येतो तेव्हा आपण पहिल्यासारखे ऐकत नाही. देवाच्या प्रीतीला असा थकवा नाही, कारण ती आरंभापासूनच पूर्ण आहे. अकराव्या शतकात ईश्वरविज्ञानी अन्सेल्म यांनी देवालाच उद्देशून विचारले होते, की तुला दुःख होत नाही तर तू दयाळू कसा? दयेचा परिणाम आम्हाला अनुभवता येतो, पण तुझ्यात व्याकूळता नसते, असे उत्तर त्यांनी दिले. खरे सांगायचे, तर ते उत्तर एवढेच असते तर मलाही पुरले नसते.

ख्रिस्ती श्रद्धा तिथे थांबत नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी, रोमला शिक्षेसाठी नेले जात असताना, अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने लिहिले, की जो दुःखातीत होता तो आपल्यासाठी दुःख सोसणारा झाला. 451 सालच्या खल्कदोन परिषदेने ठरवले, की येशू ख्रिस्त ही एकच व्यक्ती असून ती पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे. दोन स्वभाव मिसळत नाहीत आणि विभागलेही जात नाहीत. याचा अर्थ असा, की वधस्तंभावर जो तहानला आणि ओरडला तो देवाचा पुत्रच होता, दुसरा कोणी नव्हता. आपल्या दैवी स्वभावात त्याला दुःख शिवत नव्हते, म्हणून त्याने मानवी स्वभाव धारण केला आणि त्या देहात ते खरोखर सोसले. दुःख त्याच्यावर येऊन कोसळले असे नाही. तो स्वतःहून त्यात शिरला. आपल्या मावशीच्या मृत्यूविषयी देवाला काय वाटले, याचे उत्तर मी येशूचा मित्र लाजर याच्या कबरीपाशी शोधते. आपण काही क्षणांत त्याला उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होते, तरी तो रडला. ज्ञान आणि अश्रू तिथे एकत्र आहेत.

काही आधुनिक ईश्वरविज्ञानी यावरही समाधानी नाहीत, हे सांगितले पाहिजे. जर्मनीचे युर्गेन मोल्टमन यांनी तरुण वयात हॅम्बुर्गवरचे बॉम्बहल्ले पाहिले होते आणि 1972 मध्ये त्यांनी ठामपणे मांडले, की वधस्तंभाचे दुःख देवाच्या अंतरंगापर्यंत पोहोचते. पुत्र मरणाचे दुःख सोसतो आणि पिता पुत्र गमावल्याचे. पुष्कळ दुःखी माणसांना त्यातून आधार मिळाला आहे. मला स्वतःला जुनी शिकवण अधिक भक्कम वाटते, कारण दुःख जर देवाच्या स्वभावातच कायमचे असेल तर ते कुठे संपणार? प्रकटीकरणाच्या 21 व्या अध्यायात डोळ्यांचे सर्व अश्रू पुसले जातील असे वचन आहे आणि पुसणारा हात दुःखाच्या वर असला पाहिजे, असे मला वाटते.

पूर्णाकाठ (जालना जिल्हा)

सर, सिस्टर, औशाचे दादा, महाराज, सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या रविवारी मी याकोबाच्या पत्राचा पहिला आणि पाचवा अध्याय एकत्र वाचून घेणार आहे, त्यानंतर 1 राजे 18. दादांच्या सांगण्यावरून 88 वे स्तोत्रही ठेवले आहे आणि ते मीच वाचणार आहे. फळ्यावरची यादी या वेळी लिहिणार नाही.

एक शंका मात्र उरली आहे आणि ती तो मुलगा नक्की विचारेल. एलीयाला वचन मिळाले होते. आमच्या गावाला या जुलैत पाऊस पडेल असे वचन कोणी दिलेले नाही. मग एलीयासारखी खात्री आम्ही कशाच्या आधारावर धरायची? आणि पाऊस आलाच नाही, तर तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करणे हा अविश्वास समजायचा का?

निवृत्त शिक्षक, जालना

ताई, पावसाच्या तारखेविषयी खात्री धरण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि तसे सांगणाऱ्या माणसापासून मुलांना दूर ठेवावे. खात्री देवाच्या स्वभावाविषयी आहे: तो ऐकतो, तो चांगला आहे आणि उद्या तो वेगळा निघणार नाही.

पुन्हा पुन्हा मागण्याविषयी मत्तय 26 पाहावे. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीन वेळा प्रार्थना केली आणि 44 वे वचन मुद्दाम नोंदवते, की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द उच्चारले. वधस्तंभाकडे आपण जात आहोत हे त्याने शिष्यांना आधीच अनेकदा सांगितले होते. तरी त्याने मागितले आणि प्रत्येक वेळी पित्याच्या इच्छेला अधीन होऊन मागितले. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, त्याऐवजी माझी कृपा तुला पुरे आहे असे उत्तर मिळाले आणि ते त्याने करिंथकरांना कळवले. ज्या प्रार्थना पुत्राने आणि प्रेषिताने एकाहून अधिक वेळा केल्या, त्यांना अविश्वास म्हणता येणार नाही.

त्या मुलाला हेही सांगावे, की ज्या पत्रात याकोब एलीयाच्या पावसाविषयी लिहितो त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, उघड्या व उपाशी भावाला नुसते ‘सुखी राहा’ म्हणून पाठवून देणाऱ्याला तो धारेवर धरतो. मंडळीने पावसासाठी प्रार्थना केली आहे, तर ज्या घरांवर दुबार पेरणी आली आहे त्यांच्या बियाण्याचे काय करायचे, हा विषय पंच कमिटीच्या याच महिन्याच्या सभेत यायला हवा. आपण पाळकसाहेबांशी बोलावे. त्यांना पत्र लिहायचे असेल तर मसुदा मी करून देतो.